हत्ती सोडून काहीही

मी हत्ती बनवते. लाकडी, चार चाकांचा, दोरीने ओढायचा. सात वर्षांपूर्वी भाच्याच्या वाढदिवसाला निव्वळ हौस म्हणून एक केला. तिथे आलेल्या तीन आयांनी तसाच मागितला, मग एका खेळण्यांच्या दुकानदाराने पन्नास मागितले, आणि मी नोकरी सोडून गॅरेजमध्ये वर्कशॉप थाटलं. आवडीचं काम करतेस, नशीबवान आहेस, असं लोक म्हणायचे. आवडीचं होतंच. पहिले हजारेक हत्ती तरी.

त्यानंतर मात्र माझ्या डोक्यातलं दुसरं सगळं कुठेतरी उडून गेलं. सकाळ फोन आणि कुरियरमध्ये जायची, दुपार कान तुटल्याच्या तक्रारींमध्ये, आणि उरलेल्या वेळात मी सोंडा घासायचे. नवीन काहीतरी सुचावं म्हणून महागडी वही आणली. मैत्रिणीच्या सल्ल्यावरून तळ्याकाठी जाऊन बसले, तिथे फक्त डास चावले. जिराफ काढायला घेतला, तर तो मान लांब झालेला हत्ती निघाला.

अशात दुकानदाराने करार पाठवला. तीन वर्षं दर महिन्याला ठरलेले हत्ती त्यालाच द्यायचे आणि त्या काळात दुसरं काहीही बनवायचं नाही. कागद माझ्या टेबलावर पडून होता. वर वजन म्हणून हत्ती ठेवला होता, दुसरं काय ठेवणार?

त्याच सुमारास जवळच्या ग्रंथालयाच्या बाई येऊन गेल्या. मुलांचा नवा विभाग उघडायचा होता, त्यासाठी ओढायचं खेळणं हवं होतं. “हत्ती सोडून काहीही चालेल,” त्या म्हणाल्या. “हत्ती आता सगळ्यांच्या घरी आहे.” शुक्रवारी नमुना बघायला येते म्हणाल्या. मी मनाशी ठरवलं, शुक्रवारपर्यंत काही सुचलं नाही तर करारावर सही करायची आणि आपल्यातलं जे काही होतं ते संपलं हे मान्य करून टाकायचं. हे मी फक्त ताईंना सांगितलं. म्हणजे सगळ्या गल्लीला सांगितलं.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. निवृत्त नर्स. चाकांना भोकं पाडणं आणि पॅकिंग ही दोन खाती त्यांच्याकडे. स्वच्छतेचं त्यांना वेड आहे. आमच्याकडचे स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा त्या उकळून घेतील, मी करू देत नाही म्हणून थांबल्यात.

मंगळवारी सकाळी बघते तर दीडशे चाकांची भोकं चुकलेली. ड्रिल मशीनवर एक ठोकळा बसवलेला असतो. चाक त्याला टेकवलं की भोक बरोबर मधोमध पडतं, डोकं चालवावं लागत नाही. इथे प्रत्येक भोक मध्यापासून चार मिलिमीटर बाजूला.

“ताई, ठोकळ्याला कोणी हात लावला?”

“हात नाही लावला. पुसला. केवढा भुसा साठला होता त्याच्याखाली.”

“आणि परत बसवताना उलटा बसवलात.”

“भोक पडलंय ना? जरासंच तर इकडेतिकडे आहे.”

माझं टाळकं सरकलं. जरासं म्हणजे काय ते दाखवतेच, असं म्हणून मी एक न कापलेला ओंडका घेतला, चाकांचे दोन्ही दांडे घातले आणि ती चाकं हातोडीने कशीही ठोकून बसवली. दोरी बांधून टेबलावर ओढला. ओंडका उजवीकडे खाली गेला, मग डावीकडे वर आला, मग पुन्हा उजवीकडे. ताई तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. मी रागावणारच होते, पण म्हटलं, एकदा पुन्हा ओढून बघू. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा माझा हात थांबला. ही चाल माझ्या ओळखीची होती.

“ताई, हे कोण चालतंय?”

ताईंनी मान तिरकी करून पाहिलं. “तुझे बाबा,” त्या म्हणाल्या, आज वार कोणता हे सांगावं तशा.

बाबा जन्मभर सुतारकाम करत आले. तरुणपणी परांचीवरून पडले, उजवा गुडघा गेला, तेव्हापासून असे झुलत चालतात. त्या गुडघ्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, कारण त्यांना खपत नाही. रोज चार वाजता मशीनला तेल आहे की नाही बघायला म्हणून ते वर्कशॉपमध्ये येतात, स्टुलावर बसतात, एखादा हत्ती उचलून अंगठ्याने चाचपतात आणि “बरं आहे” म्हणतात. त्यांच्याकडून याहून जास्त मी चाळीस वर्षांत ऐकलेलं नाही.

त्या दिवशी मी एकही फोन उचलला नाही. कुरियरवाल्याला ताईंनी “मॅडम मीटिंगमध्ये आहेत” असं सांगून दारातून परत पाठवलं. मी ओंडका कापत होते. पोट जरा पुढे, हातात हत्यारांची पिशवी, कानावर पेन्सिल. भूक लागली तेव्हा लक्षात आलं की तीन वाजून गेलेत आणि मी मघापासून गुणगुणतेय.

मग मात्र मनात धाकधूक सुरू झाली. बाबांना काय वाटेल? त्यांच्या लंगडण्याचं खेळणं करून मी ते मुलांना ओढायला देणार होते. चार वाजायच्या आत मी ते फडक्याखाली लपवलं आणि ताईंना बजावलं की एक अक्षर बोलायचं नाही. त्या बोलल्या नाहीत. बाबा आल्यावर नुसतं फडकं उचललं.

बाबांनी खेळण्याच्या कानावरची पेन्सिल अंगठ्याने चाचपली.

“हा मी आहे का?”

त्यांनी खेळणं उचलून जमिनीवर ठेवलं आणि दोरी माझ्या हातात दिली. “ओढ.”

मी ओढत निघाले आणि बाबा त्याच्या शेजारून चालायला लागले, खाली बघत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मोठा सुतार आणि छोटा सुतार, दोघे झुलत. भिंतीपाशी ते थांबले.

“डावीकडे मी इतका झुकत नाही,” ते म्हणाले. “आणि पाऊल टाकायच्या आधी मी जरा थांबतो. गुडघ्यामुळे. ते थांबणं याच्यात आलेलं नाही.”

मग आपल्या कानावरची पेन्सिल काढून त्यांनी एका कोऱ्या चाकावर खूण केली. “इथे भोक पाड.”

मला रडू आलं. आनंदाचंच होतं, पण भरपूर होतं.

“भुसा गेला वाटतं डोळ्यात,” बाबा म्हणाले.

“हो.”

शुक्रवारी ग्रंथालयाच्या बाईंनी सुतार तीनदा वर्कशॉपभर फिरवला. बाबा स्टुलावर बसून छताकडे बघत होते. “असे दहा हवेत,” बाई म्हणाल्या. दहाचे पन्नास कसे होतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

“दहा देते,” मी म्हटलं, “पण दहा वेगवेगळी माणसं देईन.”

करार मी उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला. मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढून झाली होती. सगळ्या जगाला जंतू झालेत अशा लगबगीने निघालेल्या ताई होत्या, तीन मिनिटं उशीर झालेला कुरियरवाला होता, आणि पोट सांभाळत जिना उतरणारा दुकानदारही होता. बाईंनी नीट बघून घेतलं. “यात मी बसेन का?” त्यांनी हळूच विचारलं. “चालून दाखवा,” मी म्हटलं. त्या खरंच चालल्या, पर्स खांद्याला लावून, गंभीर चेहऱ्याने.

दुकानदाराला मी कळवलं की हत्ती मिळत राहतील, करार नको. दर बुधवारी मात्र माझा फोन बंद असेल आणि त्या दिवशी हत्ती होणार नाहीत.

पहिल्याच बुधवारी ताई ठोकळा हातात घेऊन मशीनपाशी उभ्या. पुसून लख्ख केलेला.

“हा कुठे बसवू?”

“बसवू नका.”

“मग भोक कुठे पाडू?”

“कुठेही.”

आयुष्यात एकही इंजेक्शन भलत्या जागी न दिलेली बाई माझ्याकडे बघतच राहिली. “अगं, पण चुकलं तर?”

“तर बघू,” स्टुलावरून बाबा म्हणाले, “कोण निघतंय ते.”