टीव्हीमागची बादली

मी दाताच्या दवाखान्यात मासे सांभाळायला होतो. नोकरीच तीच. लोक ऐकून हसायचे. आई पाहुण्यांना "दवाखान्यात असतो" एवढंच सांगायची आणि विषय बदलायची.

काम कुणी शिकवलं नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून आलं. पहिले चार मासे माझ्या शिक्षणात गेले, हे डॉक्टरबाईंना अजून माहीत नाही. मी गुपचूप त्याच रंगाचे आणून सोडले होते. त्यानंतर मात्र दोन वर्षं एक मासा मरू दिला नाही.

मग बाई कुठल्याशा परिषदेला जाऊन आल्या आणि आठवड्याभरात भिंतीएवढा टीव्ही आला. टीव्हीत दिवसभर मासे. निळे, पिवळे, समुद्रातले, असे एकेक की माझे सगळे त्यांच्यापुढे गरीब नातेवाईक वाटावेत.

"हे मरत नाहीत," बाई म्हणाल्या. "पाणी बदलायला नको, खायला घालायला नको."

म्हणजे मीच नको, हे माझ्याही लक्षात आलं.

खरे मासे टाकीसकट बाईंच्या दिरांनी आपल्या फर्निचरच्या दुकानात नेले. मागे राहिलं ते टाकीखालचं लाकडी कपाट आणि त्यातलं सामान. डब्याएवढा मोठा फिल्टर, त्याच्या आतल्या चिनी मातीच्या कड्या, हवेचा पंप, लांबलचक नळी, बुडबुडे सोडणारे दोन दगड.

"ह्याचा महिनाअखेरपर्यंत काहीतरी उपयोग शोध," बाई म्हणाल्या. "नाहीतर भंगारात देऊ. मग तुझंही... बघू."

त्या 'बघू'त सगळं आलं.

काउंटरवर नंबर देणाऱ्या ताई म्हणाल्या, "म्हणजे तुझं नशीब आता पंपाला जोडलंय."

"धीर द्या की जरा."

"देतेय की. पंप मजबूत आहे."

मी हात धुऊन मागे लागलो. कड्या कुंड्यांच्या तळाशी घातल्या. झाडं खूश झाली असतील, पण कुंडीच्या तळाशी डोकावून कोण बघतं? मग पंप. आतल्या खोलीत दातांचे प्लास्टरचे साचे असतात, त्यांच्यावरची भुकटी उडवायला तो लावला. भुकटी उडाली. बाईंच्या चष्म्यावर, ताईंच्या वहीवर, आणि खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटच्या तोंडात.

मोठ्या फिल्टरमधून फरशी पुसायचं पाणी गाळलं. काचेसारखं झालं, शप्पथ. सफाईच्या मावशींना अभिमानाने दाखवलं.

"म्हणजे कालची घाण आज परत पुसू?"

"घाण फिल्टरमध्ये राहिली, मावशी."

"मग फिल्टरनेच पूस," म्हणाल्या आणि बादली मोरीत ओतली.

ह्याच दिवसांत पेशंट पळायला लागले. यायचे, बसायचे, टीव्हीचं कौतुक करायचे, आणि दहा मिनिटांत "गाडी नीट लावून येतो" म्हणून जायचे ते जायचेच. व्यायामशाळा चालवणारा एक धिप्पाड माणूस गॅसवर दूध ठेवल्याचं आठवून गेला. एक जण तर बायकोला आत सोडून निघून गेला. ती सुजलेल्या तोंडाने त्याला फोन लावत बसली होती.

"टीव्ही आल्यापासून दिवसाला तीन-चार जातायत," ताईंनी बाईंना सांगितलं.

"माशांना कोण घाबरतं?" बाई म्हणाल्या.

महिना संपायला चार दिवस होते. मी बाहेरच्या खोलीत पेशंटच्या बाकावर पंप मांडीवर घेऊन त्याचे स्क्रू खोलत बसलो होतो. काय करणार होतो, मलाही माहीत नव्हतं. टीव्ही मुका होता. त्या व्हिडिओला नुसतं संगीत होतं आणि त्याने बाईंचं डोकं दुखायचं, म्हणून आवाज बंदच ठेवलेला.

आणि आतलं ड्रिल सुरू झालं.

बारीक, टोकदार आवाज. कानातून सुई घालून दाढेतून काढावी तसा. शेजारच्या आजोबांनी गालावर हात ठेवला. बघतो तर माझाही हात गालावर. माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत.

दोन वर्षं मी ह्याच खोलीत होतो आणि हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. कारण दोन वर्षं इथे फिल्टरचं पाणी पडत होतं, बुडबुडे फुटत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी उपयोग शोधत कुंड्या उकरत होतो, आणि तो तर आधीपासून कामावर होता. आम्हीच त्याला काढून टाकलं होतं.

मोरीतून बादली आणली. टीव्हीखालच्या कपाटात ठेवली, पाणी भरलं, फिल्टर जोडला. त्याची नळी बादलीच्या काठावर अशी बांधली की पाणी वरून पडेल. पंपाचे स्क्रू परत आवळले आणि त्याला जोडून दोन्ही दगड तळाशी सोडले. कपाटाचं दार चार बोटं उघडं ठेवलं आणि बटण दाबलं.

ड्रिल चालूच होतं, पण आता दोन घरं पलीकडे चालू असल्यासारखं. आजोबांचा हात खाली आला. त्यांनी टीव्हीकडे बघितलं.

"आता आला बघा आवाज," ते म्हणाले. "मघापासून बंदच होता."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी कपाटाकडे.

पुढच्या दोन दिवसांत एकही माणूस पळाला नाही. सगळे टीव्हीवर खूश. "काय आवाज आहे, पाणी ह्याच खोलीत असल्यासारखं वाटतं." मेहनत बादलीची आणि टीव्ही आयत्या बिळावर नागोबा.

तिसऱ्या दिवशी मी बाईंना कपाट उघडून दाखवलं. त्या वाकून बघत राहिल्या.

"म्हणजे लोक माझ्या ड्रिलला घाबरतात?"

"थोडेफार."

"माझा हात हलका आहे."

"हात बाहेर ऐकू येत नाही, बाई."

ताईंना ठसका लागला. बाई पेशंटच्या बाकावर जाऊन बसल्या. बहुतेक पहिल्यांदाच. आत ज्युनिअर डॉक्टर एकाची दाढ कोरत होता. मी बटण बंद केलं. पहिलं मिनिट बाई ताठ बसल्या. दुसऱ्या मिनिटाला त्यांची जीभ आतल्या आत मागच्या दाढेपर्यंत जाऊन आली, ते गालावरून कळलं.

"चालू कर," त्या म्हणाल्या. "आणि कुणाला सांगू नकोस."

"आणि माझं?"

"बादलीचं पाणी कोण बदलणार?"

ताईंनी वहीत माझ्या नावापुढे 'टीव्ही ऑपरेटर' लिहिलं. आई आता पाहुण्यांनी न विचारताही सांगते.

महिन्याभरात बाईंच्या वर्गमित्राचा फोन आला. तेही दातांचे डॉक्टर. बाईंकडचं बघून त्यांनी तसाच टीव्ही घेतला होता, त्याच सकाळी लावला होता. त्यातून संगीत येत होतं, पाणी येत नव्हतं.

"सेटिंग असतं त्याचं," बाई म्हणाल्या. "माझा माणूस पाठवते." मग मला म्हणाल्या, "नवी बादली घेऊन जा. झाकून ने."

गेलो. तिथे टीव्ही भिंतीवर चढला होता, पण टाकी अजून खालीच होती. एक काका बाह्या वर करून जाळीने मासे पकडत होते. पाणी स्थिर असावं म्हणून फिल्टर बंद केलेला. बाजूला पाण्याच्या पिशव्या, काहींत मासे भरूनही झालेले.

"टीव्हीवाला तूच का?" काकांनी विचारलं.

"हो."

"कर बाबा तुझं काम. माझा आज शेवटचा दिवस. अकरा वर्षं झाली."

बादली उगाच ह्या हातातून त्या हातात घेतली. कुणाच्या पोटावर पाय द्यायला आपण आलोय, हे कुणी आधी सांगत नाही.

तेवढ्यात आत ड्रिल सुरू झालं. काका दचकले.

"हे काय वाजतंय?"

मी त्यांच्या फिल्टरचं बटण दाबलं. पाणी पडायला लागलं. काका माझ्याकडे बघत राहिले, जाळीत मासा तसाच.

"त्याला आधी पाण्यात सोडा," मी म्हणालो. "परत टाकीत."

डॉक्टर बाहेर आले. "वा, पाणी आलं. झालं सेटिंग?"

"झालं. टीव्हीचा आवाज ह्या टाकीतून घेतलाय. टाकी हलवायची नाही."

"आणि मासे?"

"मासे काढले तर आवाज बिघडेल." मी धडधडीत खोटं बोललो. "आणि ह्यातलं कळणारा माणूस रोज लागेल. नवीन माणसाला नाही जमायचं."

डॉक्टरांनी टाकीकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं. "मग टीव्ही कशाला घेतला मी?"

"त्यातलं मला काही कळत नाही, डॉक्टर. मी फक्त आवाजाचं बघतो."

काकांनी तोंड फिरवलं आणि पिशव्या एकेक करून टाकीत उलट्या केल्या.

दवाखान्यात परतलो तर बाई माझी वाट बघत होत्या.

"झालं काम?"

"झालं."

"मग बादली परत का आणलीस?"

"त्यांच्याकडे होती," मी म्हणालो. "आपल्यापेक्षा मोठी."