कळलावी कोणी मागितली

केशोरीत निर्मलाबाई आणि मंगली यांच्या अंगणांच्या मधोमध बांबूचा कूड होता, पण सतरा वर्षांत त्याला कुंपण असं कोणी मानलं नव्हतं. त्याच्यावरून अबोली इकडे आली, कोरांटी तिकडे गेली, आणि गोकर्णाची वेल नक्की कोणाच्या घरची हे आता सांगता आलं नसतं. मंगली चिचगडकडच्या जंगलातली. माहेराहून रिकाम्या हाताने यायची नाही. निर्मलाबाई धानवाल्या घरची, जिभेची तिखट. पण रोप मागताना तीही गोड बोलायची.

दोन वर्षांपूर्वी मंगलीने माहेराहून कळलावीचा कंद आणून निर्मलाबाईच्या सुनेला, चेतनाला दिला. आता नावातच कळ. दाराशी लावली तर भांडणं, आणि घरात पोटुशी असली तर अवेळी कळा, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. वेल कुडावर चढली, लाल-पिवळी फुलली, आणि त्याच आठवड्यात चेतनाचं सहा महिन्यांचं बाळ पोटातच गेलं. डॉक्टरीणबाई रक्तदाबाचं सांगत होत्या, पण निर्मलाबाईने ऐकून घेतलं नाही. तिने वेल कंदासकट उपटून मंगलीच्या अंगणात फेकली. मंगली भेटायला आली तर तोंडावर दार लावलं. मंगलीने उलटून शब्द काढला नाही, आणि जी बोलत नाही तीच दोषी, असा आपला न्याय.

यंदा श्रावणात तो फेकलेला कंद पलीकडे रुजून फुलला. चेतना कुडापाशी उभी राहून बघत होती. निर्मलाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं.

"काऊन उभी हायस तिथं? त्याच बाईनं आपल्या घरावर कळ आणली."

"तिनं नाही आणली, आई." चेतना वळली नाही. "मीच मांगतली होती. फोटोत पाह्यली, लय आवडली. मंगलीकाकू नाहीच म्हणे, पोटुशी हायस म्हणे. मी हट्ट केला."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"भेली मी. काकू म्हणे, तुले त्या घरात राहाचं हाय, मले पल्याड. नाव माह्यावरच राहू दे."

निर्मलाबाई ओट्यावर बसली. दोन वर्षं तिने मंगलीला पाण्यात पाहिलं होतं. खरं सांगायचं तर त्या रागाचा तिला आधार होता. राग होता तोवर रडावं लागलं नाही. आता तो सुनेवर काढावा, तर त्या वाळलेल्या पोरीकडे पाहून तेही होईना.

ती उठून मंगलीकडे गेली. मंगली चुलीसाठी काटक्या मोडत होती.

"चेतनानं सांगतलं," निर्मलाबाई म्हणाली. माफी मागायची तिला सवय नव्हती. "माह्या अंगणातलं पाहिजे ते रोप ने, मंगली."

"तिले काही बोलू नका," मंगली म्हणाली, आणि काटक्या बाजूला ठेवल्या. "रोप नको, बाई. तुमच्या घरचं लेकरू गेलं, अन तुमी मले रडू नाही देलं. सतरा वरसाचं शेजार, अन मी कुडाआड तोंडात पदर कोंबून बसली. तेवढं राह्यलं माहं."

निर्मलाबाईने तिचा हात धरला, घरी आणलं, चेतनाजवळ बसवलं. मंगली रडली, मयतीला रडतात तशी, गळा काढून. मग चेतना रडली. आणि शेवटी, दोन वर्षं उशिरा, निर्मलाबाई.