खुणेचे बेदाणे

माझी लेक झोया पुण्याहून येताना ओट्स घेऊन आली आणि मेढा गावच्या मैत्रिणीकडून स्ट्रॉबेऱ्या. म्हणाली, "अम्मी, आज नाश्त्याला ओव्हनमध्ये भाजलेले ओट्स."

"घोड्याचा खुराक हाय त्यो. तूच खा."

तरी तिनं दूध, अंडी, गूळ घालून ते कालवलं, वर स्ट्रॉबेऱ्या मांडल्या. ट्रे ओव्हनमध्ये जाणार, तेवढ्यात मी कोपऱ्यात तीन बेदाणे दाबले.

"हे कशाला?"

"खूण."

आमच्या तासगावात तेव्हा घरोघरी ओव्हन कुठले! ईद असो की दिवाळी, नानकटाईचे ट्रे डोक्यावर घेऊन सगळी गल्ली बेकरीच्या भट्टीवर जायची. ट्रे बदलू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. आमचे बेदाणे, शेजारच्या मनुबाईंची वेलची. तरी बदलायचेच. मग आम्ही भांडायचो, आणि भांडता भांडता एकमेकींची नानकटाई संपवायचो.

झोया हसली. "अम्मी, आपल्या ओव्हनमध्ये एकच ट्रे आहे. बदलणार कुणाशी?"

मला राग आला.

ट्रे जरा निवल्यावर तो उचलला आणि तडक मनुबाईंच्या दारात गेले. त्यांना आता नीट दिसत नाही. काही न बोलता ट्रे पुढ्यात ठेवला. त्यांनी कडेकडेनं चाचपलं, कोपऱ्यात बेदाणे बोटांना लागले.

"अफसाना," त्या ओरडल्या, "तुमचा ट्रे परत आमच्याकडं आला की गं!"