अंगात, डोक्यावर, पायात

लेकीने वडिलांची टोपी डोक्यावर चढवली आणि कपाटाच्या आरशात पाहिलं. टोपी थेट भुवयांवर आली. काम करायची तिची ही जुनीच तऱ्हा. वाक्य अडलं की ते स्वतः करून बघायचं. तू अनुवाद करतेस की नाटक, असं म्हणून बाबा हसायचे.

आज एक इंग्रजी कथा जपानीत आणताना गाडं अडलं होतं ‘वेअर’ या साध्या शब्दावर. नवरा गेल्यावर कथेतली बाई त्याच्या वस्तू ‘वेअर’ करते, एवढंच लिहिलेलं. इंग्रजीचं बरं आहे, एका शब्दात सगळं उरकतं, झिजण्यालासुद्धा तोच. जपानीत तसं चालत नाही. डोक्यावर काही घातलं तर काबुरु, अंगात घातलं तर किरु, पायात घातलं तर हाकु, आणि चष्म्याला आणखी वेगळं, काकेरु. बाईने नेमकं काय घातलं ते ठरल्याशिवाय वाक्य पुढे सरकेना. लेखिकेला विचारावं, तर ती केव्हाच देवाघरी गेलेली.

बाबांचं कपाट ते गेल्यापासून आजपर्यंत बंदच होतं. उद्या दादा येऊन सगळं गरजूंना द्यायला नेणार होता. आईने हो म्हटलं खरं, पण तेव्हापासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं. तिच्यापुढे बाबांचा विषय काढणं लेकीच्या जिवावर यायचं.

त्यातून एक गोष्ट लेकीने कोणालाच सांगितली नव्हती. दुपारी घरी कामाला बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा, आणि बाहेरच्या खोलीत बाबा चालू लागायचे. सपाता ओढत, उजवा पाय जरा घासत. ती डोळे मिटूनच राहायची. उघडले तर आवाज थांबेल, याची तिला भीती वाटायची. उठल्यावर मन कसं निवलेलं असायचं.

कोट घालून झाला, चष्मा लावून झाला. सपाता घ्यायला ती वाकली, तर खालचा खण रिकामा.

आई दारात उभी होती. पायात बाबांच्या सपाता.

“तू झोपलीस की घालते,” आई म्हणाली. “घरात कोणीतरी आहे असं वाटतं. तुला सांगितलं असतं तर रडत बसली असतीस.”

“पण चाल अगदी त्यांचीच...”

“उजवी बाहेरच्या बाजूने झिजलीय. घातली की पाय आपोआप तसाच ओढला जातो. बघ घालून.”

लेकीने घातल्या. आरशापासून खिडकीपर्यंत जाऊन आली. आई डोळे मिटून ऐकत होती. मग लेक टेबलाशी बसली आणि तिने ‘हाकु’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दादाने कपाट रिकामं केलं, खोकी भरली.

“काही राहिलं नाही ना?” दोरी आवळत त्याने विचारलं.

“नाही,” लेक म्हणाली.

आतून कोणीतरी पाय घासत चहाचं पाणी ठेवायला निघालं. दादाचा हात गाठीवरच थांबला. त्याने डोळे मिटून घेतले.