माहेरची लाइन

द्रौपदीने खुरप्याने मातीचा थर उकरला आणि पदराच्या टोकाने रूळ पुसला. गंजलेला होता, पण जागचा हलला नव्हता.

"हा बघ. इथून खाली वस्तीपर्यंत असाच गेलाय."

ऋता गुडघ्यांवर बसली, टेप लावून रुळाची रुंदी घेतली, फोटो काढला. बदलापूरच्या एका कॉलेजात शिकवणारी ही मुलगी हल्ली सुट्टी मिळाली की शेअर रिक्षा पकडून अंबरनाथच्या या टोकाला यायची. डोंगरातली दगडखाण बंद पडून जमाना झाला होता. तरी खडीच्या ट्रॉल्या खाली आणणारे रूळ कुठे गटाराच्या कडेला, कुठे कुणाच्या ओट्याखाली अजून होते. उरलंय तेवढ्याचा नकाशा काढायचा आणि पायथ्याशी एक माहितीफलक लावायचा, एवढं तिचं काम. उन्हातान्हात लोखंड मोजत फिरणाऱ्या या पोरीची वस्ती थट्टा करायची आणि तिला हाक मारून चहाही पाजायची.

द्रौपदी मात्र तिच्यासोबत उगाच हिंडत नव्हती. फलकावर काय येणार, याचा तिला घोर लागला होता.

वस्तीतल्या विठाबाईने ऋताला सगळी हकिगत आधीच सांगून टाकली होती. पावसाळ्यात एकदा भरलेली ट्रॉली वळणावर सुटली. ब्रेकवर किसन होता, द्रौपदीचा नवरा. त्याने हाळी न देताच उडी मारली आणि स्वतःचा जीव वाचवला. खाली नळावर बायका पाण्याला उभ्या होत्या. विठाबाईचा नवरा सदू, वळणावर रूळ बदलणारा सांधेवाला, हातातली पहार चाकात घालून आडवा झाला. ट्रॉली उलटली, वस्ती वाचली, सदू गेला. तेव्हापासून किसनचा झाला 'उडीवाला'. लग्नकार्यात, रेशनच्या दुकानात, कुठेही. तीन वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हा तिरडी बांधतानाही कुणीतरी ते नाव घेतलं होतं आणि द्रौपदीने ते ऐकलं होतं.

"माझं एवढंच म्हणणं हाय," ती वर चढता चढता म्हणाली, "सदूभावजींचं नाव लाव, मोठं लाव. फक्त ह्यांचं काय लिहू नको."

"आजी, मला जागा तर बघू दे आधी. खरं काय झालं ते बघूनच लिहीन."

खरं काय झालं ते द्रौपदीलाही कुठे ठाऊक होतं? सुरुवातीला किसन येईल त्याला सांगायचा, मी हाळी दिली होती. मग एक दिवस तो एकटाच वळणावर जाऊन आला आणि त्यानंतर त्या विषयावर त्याने तोंड उघडलं नाही. बायकोजवळसुद्धा नाही. माणूस गप्प बसला की लोक काय समजायचं ते समजतात. मनातल्या मनात तीही तेच समजली होती, आणि हे तिला आयुष्यभर डाचत आलं होतं.

वळण आलं. करवंदीच्या जाळ्यांतून मुख्य रूळ खाली उतरत होते आणि डाव्या हाताला चढावर एक अरुंद पट्टी गेली होती.

"ही आमची माहेरची लाइन," द्रौपदी म्हणाली. "ट्रॉली बिथरली का ब्रेकवाल्यानं हाळी द्यायची आन् इथं उडी टाकायची. सांधेवाला सांधा फिरवणार. ट्रॉली या चढावर जायची, दमून आपली आपण थांबायची. सासरी रागावलेल्या पोरीसारखी. म्हणून माहेर."

"म्हणजे उडी इथेच मारायची असायची?"

"इथंच. मागून ओझं येतंय, बसून काय करणार? उडी मारली म्हणून कोण बोलत नाय. हाळी दिली नाय म्हणून बोलतात. हाळी ऐकली असती तर सदूभावजींनी सांधा फिरवला नसता का?"

ऋताने पानं बाजूला केली. लाकडी स्लीपर कुजून गेले होते; त्यांतले खिळे तेवढे रांगेत उभे होते. रूळ नव्हते.

"भंगारवाल्यांनी नेले असणार."

"मग खालचे का सोडले?" द्रौपदी म्हणाली. दोघी उतरल्या.

खाली गावदेवीच्या देवळात विठाबाई वाती वळत बसली होती. वयाने द्रौपदीपेक्षा मोठी, आवाजाने त्याहून मोठी. ऋता पाणी प्यायली, वर पाहिलं आणि पाहतच राहिली. छपराखालच्या दोन्ही तुळया लोखंडी होत्या, जाड शेंदरी रंगातल्या. तिने स्टुलावर चढून टेप लावली.

"रुंदी सेम आहे," ती पुटपुटली. "आजी, हे रूळ कुठले?"

"आमच्या ह्यांनी आणले," विठाबाई अभिमानाने म्हणाली. "माझा कैलास झाला त्या वक्ताचा नवस होता माझा, देवीवर छप्पर घालीन म्हणून. चैत्रात स्वतः खांद्यावरून आणून चढवले. आन् आषाढात गेले बघ. देवीनं तेवढं काम करून घेतलं."

वस्तीत खाणीचं लोखंड घरोघरी होतं. कुठलं कुठून आणलं, हे कुणी कुणाला विचारत नसे, आणि देवीच्या कामाला तर नाहीच. द्रौपदीने मनातल्या मनात महिने जुळवले. चैत्रात रूळ निघाले. पावसात त्या पट्टीवर गवत माजलं, रूळ गेलेले कुणाला दिसले नाहीत. आषाढात किसनने हाळी दिली आणि उडीच्या जागी उडी मारली. सदूने ती ऐकली असणार. सांधा फिरवून ट्रॉली कुठे पाठवणार होता? म्हणून तो पहार घेऊन आडवा झाला.

आणि किसनने वर जाऊन ते रिकामे खिळे पाहिले होते आणि मग तोंड मिटलं होतं. तिचा नवरा खरं बोलत होता. तिला तिथेच बसून रडावंसं वाटलं, आणि वस्तीला ओरडून सांगावंसंही वाटलं.

ऋताच्याही ध्यानात आलं होतं. "विठाआजी, म्हणजे हे रूळ वरच्या—"

द्रौपदीने तिचं मनगट दाबलं.

"काय गो?" विठाबाईने विचारलं. "काय लिहिणार मग पाटीवर?"

"सदूभावजींनी ट्रॉली अडवली, वस्ती वाचली," द्रौपदी म्हणाली. "खरंच हाय ते. बाकी तुम्ही सांगितलंत तसं लिहू दे तिला."

ऋताने टेप गुंडाळली. विठाबाईला याची अपेक्षा नसावी. तिच्या हातातली वात थांबली. ती हलक्या आवाजात म्हणाली, "द्रौपदी, एक सांगू? तुझा किसन दर चैत्रात गपचूप यायचा इथं. या तुळयांना रंग द्यायला. भोकं पुट्टीनं बुजवायचा, वरून रंगाचे दोन हात. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाय. पाप फेडत असंल बिचारा."

"असंल," द्रौपदी म्हणाली.

तिने वर पाहिलं. शेंदरी रंगाचे पोपडे सुटले होते आणि तुळईच्या टोकाशी रूळ जोडायच्या बोल्टाचं एक भोक उघडं पडलं होतं.

"ते गेल्यापासून रंग दिला नाय वाटतं कुणी?"

"कोण देतंय? पोरांना वेळ हाय का?"

"या चैत्रात मी येते, वयनी," द्रौपदी म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सांगू नका."