बुआफानच्या हातातली केबल

टुप्.

भर दुपारच्या शांततेत स्पीकरचा खोका एकदाच बोलला आणि गप्प झाला. खांबांवर उभ्या असलेल्या त्या लाकडी घरात तेव्हा काहीही हलत नव्हतं. घराखालच्या सावलीत कोंबड्याही माना आत ओढून बसल्या होत्या. चटईवर कुंग झोपली होती. तिची आई बुआफान चिकट तांदूळ निवडत होती. तिचा हात परातीतच थांबला. तिने आधी मुलीच्या पायांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मुलीचे पाय माझ्यापासून चांगले लांब होते.

"पाल असेल," ती स्वतःशीच म्हणाली. पण तिने वर छताकडे पाहिलंच नाही.

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे. विजेच्या गिटारमधून निघालेला आवाज स्पीकरपर्यंत पोचवायचा, हे माझं काम. माझ्या पोटात तांब्याचा तंतू आहे, त्याच्याभोवती तांब्याचीच विणलेली जाळी आणि वर काळी रबरी कातडी. दोन्ही टोकांना एकेक पिन. एक टोक गिटारला, दुसरं स्पीकरला जोडलेलं असताना माझ्यावर कुणी पाय दिला, तर स्पीकरमधून 'टुप्' असा आवाज येतो. तेवढाच काय तो माझा स्वतःचा आवाज. बाकी आयुष्यभर मी दुसऱ्यांचंच बोलत आले. त्या दुपारी माझ्यावर कुणीही पाय दिला नव्हता. पालीनेसुद्धा नाही.

माझा जन्म खोन काएन शहरातल्या एका स्टुडिओत झाला. तिथे गिटार वाजवणारा काचेच्या खोलीत बसायचा आणि त्याचा स्पीकर पलीकडच्या बंद खोलीत ओरडायचा, म्हणजे तो गोंगाट गाणाऱ्याच्या माइकमध्ये घुसत नसे. या दोन खोल्या जोडायला म्हणून मला इतकं लांब केलं होतं. दाराच्या फटीखालून मी जायचे. पण लांबी हाच माझा दोष ठरला. गिटारमधून निघणारा आवाज मुळात दुबळा असतो, आणि वाट लांब असली की तो थकतो. नखाने तार छेडल्यावरचा बारीक किणकिणाट माझ्या पोटातच विरून जायचा. नदीच्या पलीकडून कुणी हाक मारली, तर हाक ऐकू येते पण शब्द कळत नाहीत, तसं काहीसं व्हायचं. मग तिथल्या लोकांनी गिटारजवळ एक छोटी डबी बसवली. ती आवाजाला निघतानाच जोर द्यायची, की तो शेवटपर्यंत ताठ चालत जाई. डबीसोबत नवी केबल आली. माझं नाव 'आवाज खाणारी' पडलं आणि मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकले.

कुंगचा बाप, गिटारवाला थोंगदाम, एकदा तिथे रेकॉर्डिंगला आला होता. जाताना त्याने विचारलं, "ही लांबडी कुणाला नको असेल तर मी नेऊ का?" स्टुडिओतल्या लोकांनी त्याला सांगून पाहिलं, की ही आवाज खाते. तो हसून म्हणाला, "खाऊ द्या की. आमच्याकडे सगळेच पोटभर खातात."

त्याला लांबच केबल हवी होती. त्यांच्या गावाकडे कुणाचा मुलगा भिक्षू होणार असला, की त्याला खांद्यावर बसवून विहाराभोवती तीन फेऱ्या मारतात. सगळं गाव नाचत जातं. पुढे गिटारवाला, मध्ये नाचणाऱ्या बायका, मागे स्पीकरची ढकलगाडी. गिटारपासून गाडीपर्यंत मी. नाचणाऱ्यांच्या पायात मी येऊ नये म्हणून कुणालातरी मध्येच, कडेकडेने, माझी वेटोळी हातात घेऊन चालावं लागे. लग्न झाल्यापासून ते काम बुआफानचं होतं.

लोक तिची टिंगल करायचे. म्हणायचे, "काय गं, म्हैस चरायला काढलीस का?"

"म्हैस कुठली, रेडा आहे," ती म्हणायची. "दूध देत नाही, नुसता ओरडतो."

पुढे थोंगदाम हसायचा, आणि त्याचं ते हसू गिटारच्या मानेतून, तारांमधून थरथरत माझ्यात उतरायचं. इतक्या गोंगाटात दोघांना एकमेकांशी बोलता येत नसे. म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या होत्या. त्याने मला एकदा ओढलं, की 'थांब'. दोनदा हळूच ओढलं, की 'सैल सोड, मी पुढे जातोय'. या खुणा त्या दोघांना आणि मला ठाऊक होत्या. कुंगलाही त्यांनी कधी सांगितल्या नव्हत्या. नवराबायकोचं काही काही असतं तसं.

लोक म्हणायचे, थोंगदामची गिटार ओरडत नाही, शेजारी बसून बोलते. तो मऊपणा अर्धा त्याच्या बोटांचा होता, मित्रांनो, आणि अर्धा माझ्या खाण्याचा. पण हे मी कुणाला सांगणार?

मग एका वर्षी तो तापाने गेला. तीन दिवस घरात भिक्षूंचे पाठ चालले. स्पीकर बंद होता आणि मी खुंटीवर होते. चितेकडे नेताना शवपेटीला लांब पांढरा दोरा बांधतात आणि भिक्षू व घरचे लोक तो धरून पुढे चालतात. बुआफाननेही तो धरला. जन्मभर तो पुढे आणि ती मागे चालली होती. त्या दिवशी ती पुढे होती आणि तो मागे होता. तिच्या हातातला दोरा किती हलका होता, ते तिने परत आल्यावर मला हातात घेतलं तेव्हा मला कळलं. ती माझं वजन तोलून पाहत होती.

त्या दोऱ्याचा हातभर तुकडा तिने कमरेला खोचून आणला होता. माझ्या मध्यावर, जिथे इतकी वर्षं तिची मूठ असायची, तिथली कातडी झिजून फाटली होती. तिथे तिने तो पांढरा दोरा गच्च गुंडाळला.

शेजारच्या म्हाताऱ्या याय फिमने हे पाहिलं आणि तिच्या तोंडातलं पान थांबलं. "अगं, मनगटाला बांधतात तो दोरा जीव धरून ठेवायचा. हा जीव सोडून द्यायचा. तू उलटंच केलंस की. आता जायचं तरी कसं त्याने?"

"फाटलं होतं, म्हणून बांधलं," बुआफान म्हणाली.

तेव्हापासून दुपारी ती मला गिटारला आणि स्पीकरला जोडून ठेवायची आणि खोका चालू करायची. वाजवायला कुणी नसायचं. याय फिमने विचारलं, तर म्हणायची, खोक्यात दमट हवा शिरते, गरम ठेवलेला बरा. कधी कधी मी टुप् व्हायचे. का व्हायचे, ते मलाही माहीत नाही. माझं काम आवाज पोचवायचं आहे, कुठून आला ते विचारायचं नाही.

कुंग मोठी होत होती. एके दिवशी तिने गिटार खुंटीवरून काढली, तर तिला बापाच्या सगळ्या चाली येत होत्या. बोटं बापाची आणि हट्टही त्याचाच. ढकलगाडीचे मालक, लुंग सावाट, यांनी ऐकलं आणि तिला मिरवणुकीत घ्यायचं ठरवलं.

पहिल्याच मिरवणुकीत घात झाला. पोर भराभर पुढे गेली. बुआफानची मूठ सुटेना. मी ताणले गेले, गिटारमधली पिन निसटली आणि ऐन नाचात सगळं गाव मुकं झालं. बायकांचे हात हवेतच राहिले. कुणीतरी हसलं. कुंगने पिन शोधायला वाकून पाहिलंसुद्धा नाही. ती गिटार गळ्यातून काढून घरी निघून गेली, आणि पुढे कितीतरी दिवस तिने खुंटीकडे पाहिलं नाही.

लुंग सावाटनी मग शहरातून एक वस्तू आणली. साबणाच्या वडीएवढी डबी गिटारला लावायची आणि तसलीच दुसरी स्पीकरला. मध्ये काही नाही, नुसती हवा. "आता मागून शेपूट धरायला नको कुणी," ते म्हणाले. कुंगने अंगणात वाजवून पाहिलं. आवाज लखलखत निघाला. माझ्या पोटात जे जे विरायचं, ते सगळं त्यात होतं.

बुआफान ऐकत राहिली आणि म्हणाली, "हा त्याचा नाही."

"आई," कुंग म्हणाली, "हा माझा आहे."

खुंटीवरून मला सांगावंसं वाटत होतं, की बाई, तू ज्याला त्याचा आवाज म्हणतेस ना, त्यातला अर्धा माझ्यात हरवलेला आहे. पण माझ्याजवळ फक्त टुप् आहे.

भिक्षूंच्या पावसाळी वर्षावासाच्या आधी गावात भिक्षू होण्याचा आणखी एक सोहळा आला. बुआफानने लुंग सावाटना हात जोडून विनवलं, की या एका वेळी केबल असू द्या. त्यांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "असू देतो. पण पोरीकडे बघ. परत पिन निसटली, तर ती जन्मात गिटारला हात लावायची नाही. तू तारेला धरतेस की तिला?"

कुंगने आईकडे पाहून मान डोलावली आणि स्वतःच्या हाताने पिन गिटारमध्ये बसवली.

पहिली फेरी. पोर आपल्या नादात चाललेली आणि आईची मूठ पांढऱ्या दोऱ्यावर घट्ट. मी ताठ झाले होते. कुंगचा डावा खांदा मागे ओढला जात होता, तरी ती वाजवत होती. दुसऱ्या फेरीत पिन केसभर बाहेर आली. मला ते कळलं, आणि मला वाटतं बुआफानलाही कळलं, कारण तिचा तळवा घामाने भिजला.

विहाराच्या कुंपणाच्या भिंतीत लहान लहान कोनाडे आहेत. गावातल्या गेलेल्या माणसांच्या अस्थी त्यात ठेवतात. पूर्वेच्या कोपऱ्याजवळच्या कोनाड्यावर थोंगदामचा फोटो आहे, ऊन खाऊन निळा पडलेला. तिसऱ्या फेरीत बुआफान तिथे थांबली. तिने वेटोळी जमिनीवर ठेवली. मग खाली बसून माझ्या अंगावरचा तो दोरा दातांनी सोडवला, घडी करून कोनाड्यात ठेवला आणि हात जोडले. डोळे मिटून ती काय म्हणाली, ते नाचणाऱ्यांच्या गलक्यात मला ऐकू आलं नाही.

माझी वेटोळी धुळीत एकेक करून आपली आपण उलगडत गेली. बायका नाचत माझ्या बाजूने निघून गेल्या. एकीचाही पाय माझ्यावर पडला नाही. पडला असता, तर टुप् झालं असतं, आणि ते झालं नाही. स्पीकरची गाडी सावकाश मागून येत होती. बुआफानचे दोन्ही हात तिच्या कपाळाशी होते.

आणि तेव्हा माझ्या मध्यावर, जिथे आता उघडी जाळी होती तिथे, मला हात जाणवला.

पिन निसटली नाही. कुंगचा खांदा सरळ झाला. तिसरी फेरी तिने अशी वाजवली की याय फिमसुद्धा काठी टाकून नाचली.

मित्रांनो, माझं आता फारसं काम उरलेलं नाही. पुढच्या मिरवणुकीत ती साबणाची वडी जाईल आणि ते योग्यच आहे. पण तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी लांबडी असेल, तर तिला कोपरावर आवळून गुंडाळू नका. ती ज्या वळणाने वळते, त्या वळणाने तिला वळू द्या. काढताना पिन धरून काढा, अंगाला धरून ओढू नका. आणि तिच्या दुसऱ्या टोकाला जे कुणी असेल, त्याला चालण्यापुरती सैल ठेवा. मी आयुष्यभर दोन माणसांच्या मधली जागा होते. मला ताणून कुणीही जवळ आलेलं मी पाहिलं नाही.

मिरवणूक संपल्यावर बुआफान विहाराच्या पायरीवर बसून मला गुंडाळू लागली. हळूहळू, मोठ्या मोठ्या वेटोळ्यांत, धूळ पुसत. कुंग शेजारी येऊन बसली. तिच्या हातात बर्फ घातलेल्या लाल सरबताची पिशवी होती. केस घामाने कपाळाला चिकटले होते. तिने नळीतून मोठा घोट घेतला आणि आईच्या खांद्याला डोकं टेकलं.

"आई," ती म्हणाली, "त्या कोपऱ्यावर तू मला मागून दोनदा ओढलंस ना, अगदी हळूच? तसं ओढलं की काय करायचं असतं?"