उघडा राहिलेला वॉल्व्ह

टाकीचं झाकण उघडलं तसा धुण्याच्या सोड्याचा आणि नासक्या दुधाचा भपकारा आला. नीलमने ओढणी नाकाला लावली.

कवठे येमाईजवळच्या त्या दूध केंद्रात टाक्या धुण्याचं काम हौसराव मामांकडे होतं. आणि धुण्याची यंत्रणा चालवणारा प्रोग्राम नीलमच्या कंपनीचा. दौंडहून ती रोज शिरूरला नोकरीला यायची. आज कंपनीच्या मालकाने, विक्रमने, तिला इकडे पिटाळलं होतं.

"काल धुनं चालू व्हतं, आन् दुधाची गाडी आली," मामा म्हणाले. "बंदचं बटन दाबलं. स्क्रीन गेली, पन धुनं थांबंना. विक्रम सायबांना फोन केला. त्यांनी तिकडून कायतरी केलं, तवा थांबलं. मग दूध सोडलं टाकीत. सकाळी बघतो तर हे."

नीलमने लॅपटॉप उघडला. बटण फक्त स्क्रीन बंद करत होतं. धुणं मागे वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र धाग्यात, चालायचं: वॉल्व्ह उघड, पंप चालव, झोप, पुन्हा तेच. थांबायचंय का, हे तो कुठेच विचारत नव्हता. विक्रमने अख्खा प्रोग्रामच मारला होता. वॉल्व्ह मिटायच्या आधीच थ्रेड मेला, आणि सोड्याचं पाणी रात्रभर दुधात ठिबकत राहिलं. जेवताना घासात केस यावा तशी तिला शिसारी आली.

तिने विक्रमला फोन लावला. "सर, वॉल्व्ह उघडाच राहिला होता."

"राहतो कधी कधी. त्यांना सांग, तुमचा वॉल्व्ह खराब आहे."

म्हणजे याला ठाऊक होतं. नीलमने फोन ठेवला.

तिने प्रोग्राममध्ये थांबण्याची एक खूण ठेवली. दर फेरीला थ्रेडने ती बघायची. थांबायचं असेल तर पंप बंद करून, वॉल्व्ह मिटून बाहेर पडायचं. पण बटण दाबलं तर थ्रेड संपायची वाट बघत स्क्रीन गोठली. थ्रेड झोपलेला, त्याला उठवणारं कुणी नाही. मग तिने झोपेच्या जागी बटणाची हाक येताच संपणारी प्रतीक्षा घातली. या वेळी पंप थांबला, वॉल्व्ह खट्‌कन मिटला, थ्रेड आपणहून संपला आणि मगच स्क्रीन गेली.

"मामा, वॉल्व्ह चांगला आहे. चूक आमची होती. हे दूध कुठंही जाऊ देऊ नका."

मामांनी गटाराकडचा नळ सोडला. "दूध कुठं गेलं म्हनून केंद्रवाल्यांनी इचारलं तर?"

"माझं नाव सांगा. विक्रम सरांचंही सांगा."

टाकी रिकामी झाल्यावर मामांनी चहा आणला. कपातलं दूध बघून नीलमने कप परत केला. तिने कोरा चहा मागितला.